हिंगाच्या डबीत हिंग तिसऱ्या नंबरला

डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या रिपोर्टवरच्या आकड्याखाली पेननं रेघ मारली आणि म्हणाले, "कुठनं तरी गहू जातोय हिच्या पोटात." मला जो राग आला तो काय सांगू. आठ महिने झाले होते कणकेचा डबा घासून पुसून माळ्यावर टाकून, पोळी नाही, शिरा नाही, पाव नाही, बिस्कीट नाही, वाढदिवसाला केकसुद्धा तांदळाच्या पिठाचा केला होता (त्याची वीट झाली, ते सोडा), आणि हे म्हणतायत गहू जातोय. मी म्हणलं, डॉक्टर शक्यच नाही. ते म्हणाले, "मग घरी जाऊन डबे वाचा."

आमच्या लेकीला घरात चिमी म्हणतात. सात वर्षांची होती तेव्हा वर्गात सगळ्यात बुटकी, पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या आणि हिमोग्लोबिन आठच्या वर जायला तयार नाही. लोहाच्या औषधाच्या बाटल्या झाल्या, जंताचं औषध दोनदा झालं, दृष्ट काढून झाली, "पोरीला खायला घालत नाहीस काय गं" हे तर येणाऱ्या प्रत्येकानं ऐकवून झालं. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली, आकडा २०० च्या पुढं, मग दुर्बिणीतनं आतड्याचा बारका तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं, सिलिॲक. गव्हात आणि जवात ग्लूटेन असतं, कणीक तिंबल्यावर तिला जो चिवटपणा येतो ना तो त्याच्यामुळंच, आणि ते पोटात गेलं की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. त्याला गोळी नाही. आयुष्यभर गहू बंद, एवढंच औषध. (कुणाला आपल्या पोराबद्दल अशी शंका असेल तर तपासणी व्हायच्या आधीच गहू बंद करू नका, मग रिपोर्ट चांगला येतो आणि रोग तसाच राहतो.) पंजाब हरयाणाकडं हे नाव लोकांना माहिती असतं, आपल्याकडं अजून "गव्हाची ॲलर्जी आहे होय, थोडं खाल्लं तर काय होतंय" असं म्हणून पोळीचा तुकडा पुढं करतात.

पहिल्यांदा मला हे सोपं वाटलं होतं. आपण सांगलीचे, शाळूच्या भाकरीवर वाढलेले, आपल्याला कसली अडचण. शाळू, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं, वर उपवासाचं सगळंच्या सगळं चालतं, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा. नवरा म्हणायचा आपल्या घरी रोजच एकादशी. आणि तरी आकडा ९६. उतरला होता, पण डॉक्टरांना जिथं हवा होता तिथं आला नव्हता.

तर त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आणि सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) स्वयंपाकघरात फरशीवर बसलो, कपाटातलं एकूण एक पाकीट, डबी, बाटली, सॅशे खाली काढलं. तेलाच्या पिशव्यांपासनं ते फ्रीजच्या दारात पडलेल्या चायनीजच्या बाटल्यांपर्यंत. लग्नाला बारा वर्षं झाली, या वस्तू मी दर महिन्याला यादीत लिहिते, आणते, डब्यात ओतते, पण मागची बाजू कधी वाचली नव्हती. एक्सपायरी डेट तेवढी बघायची. अक्षरं इतकी बारीक की मला चाळिशीच्या आतच चाळिशी लागल्यासारखं झालं. आई उठल्या आणि देवघरातनं पोथी वाचायचं भिंग घेऊन आल्या.

त्यांनीच शोधलं. हिंगाची डबी. पांढरी, पिवळ्या झाकणाची, आमच्या घरात माझ्या लग्नाच्या आधीपासनं तीच येते. आई भिंग लावून पोथी वाचतात तशा एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या, "खाद्य डिंक... गव्हाचं पीठ... हिंग." मग थांबल्या. परत वाचलं. मग भिंग माझ्या हातात दिलं, म्हणाल्या "तू बघ गं, माझं काहीतरी चुकतंय."

चुकत काही नव्हतं. हिंगाच्या डबीत हिंग तिसऱ्या नंबरला. नियम असा आहे की पाकिटावरच्या यादीत जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिलं, मग उतरत्या क्रमानं बाकीचं, म्हणजे आम्ही आजपर्यंत हिंग म्हणून जी फोडणीत टाकत होतो तिच्यात डिंक सगळ्यात जास्त, त्याच्याखालोखाल गव्हाचं पीठ आणि मग हिंग. आणि ही फसवणूकपण नाही बरं का. खरा हिंग इतका उग्र असतो की नुसता वापरता येत नाही, म्हणून डिंक आणि पीठ घालूनच विकतात, त्याला बंधानी हिंग म्हणतात, डबीवर तसं लिहिलेलं होतंच. खाली वेगळ्या ओळीत 'गहू आहे' असंही छापलेलं होतं, कारण ॲलर्जीच्या गोष्टी वेगळ्या सांगायला लागतात. सगळं कायदेशीर, सगळं लिहिलेलं. वाचणारं कुणी नव्हतं एवढंच. सकाळी वरणाला फोडणी, दुपारी भाजीला, रात्री आमटीला, ताकाला, आणि चिमीचं पोट दुखतंय म्हणून मी बेंबीभोवती जो लेप लावायचे आणि वर चिमूटभर ताकातनं पाजायचे तोपण हिंगच. ते आठवलं आणि मी तिथंच रडायला लागले.

आई रडल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "मग मसाल्याचं काय?"

हे सांगलीकोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको. उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो आमच्याकडं, बेडगी आणि संकेश्वरी मिरची निवडून, देठं काढून, वाळवून, कांदा खोबरं तळून, चौदा पंधरा प्रकार भाजून, कांडपावर नंबर लावून, नाक गळेपर्यंत तिथं उभं राहून. त्या वर्षी पाच किलो झाला होता. आणि त्याच्यात हिंग कुठला, तर त्याच डबीतला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातनं आले तर आई बरणीतला मसाला पिशव्यांमध्ये भरत होत्या, शेजारी, नणंदेला, कामाला येणाऱ्या मावशींना. एक शब्द बोलल्या नाहीत. रिकामी बरणी मात्र तीनदा धुतली.

आता वाटेल सापडलं, संपलं. नाही. कारण हिंग बदलला (तांदळाच्या पिठातला मिळतो, शोधायला लागतो) आणि मग डोकं चालायला लागलं की जे पाकिटात येतच नाही त्याचं काय. आमच्या भाकरीच्या पिठाला कुठं लेबल होतं? शाळू घरचा, जतकडनं येतो, निवडून मी देते आणि गिरणीतनं पीठ येतं. एका संध्याकाळी मी डबा ठेवून न जाता तिथंच उभी राहिले. माझ्या पुढं एका बाईंचे दहा किलो गहू. ते संपले, गिरणीवाल्यांनी खालच्या कापडी तोंडाला दोन टपल्या मारल्या, डबा सरकवला आणि माझा शाळू वर ओतला. पहिलं जे पीठ माझ्या डब्यात पडलं ते सरळ दिसत होतं की वेगळं आहे, पिवळसर. मग हळूहळू पांढरं झालं. म्हणजे रोजच्या भाकरीत पहिल्या बाईंचे गहू. त्या माणसाला मी काय बोलणार, वीस वर्षं झाली ते असंच दळतायत आणि सगळ्या गिरण्यांत असंच दळतात, कुणाच्या पोटाला त्याचं काही होत नाही. मी चिमीचं सांगितलं तर ते इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं. सकाळी पहिला नंबर देतो म्हणाले, रात्री झाडून ठेवतो म्हणाले. झाडून सगळं निघत नाही. बाजारात ज्याला ग्लूटेन फ्री म्हणून विकायचंय त्याच्यात किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं, म्हणजे चिमटीभर मिठापेक्षाही कितीतरी कमी, ते केरसुणीनं कसं जमायचं. शेवटी हप्त्यावर घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीही घालायचा नाही म्हणून वर खडूनं फुली मारलीय.

मेतकूट राहिलंच. मेतकुटात गहू असतो हे मला माहितीच नव्हतं, आईंना माहिती होतं कारण त्याच भाजायच्या, पण मेतकूट म्हणजे मेतकूट, त्यात गहू "असा कितीसा". थालीपिठाच्या भाजणीचं तेच. आणि आजारी पोराला काय देतो आपण, मऊ भात, तूप, मेतकूट! सोया सॉसमध्ये गहू. ताकद येण्याचं म्हणून दुधात घालायच्या पावडरीत माल्ट, माल्ट म्हणजे जव. प्रत्येक वेळी मी कपाळाला हात लावायचे आणि आई शांतपणे म्हणायच्या, "पुढचं वाच."

तर अशी ही सवय लागली आणि मग ती गव्हापुरती राहिली नाही. आता मी दुकानात पाकीट उचललं की आधी उलटं करते, नवरा ट्रॉली घेऊन पुढं निघून जातो. पुढची बाजू म्हणजे लग्नातला फोटो आणि मागची म्हणजे आधार कार्डावरचा, असं माझं मत झालंय. पुढं नाचणीचं कणीस, हिरवा रंग, गोल गोल अक्षरात 'नाचणी बिस्कीट', मागं पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि नाचणी सहाव्या नंबरला. साखरेची तर गंमतच, एका ठिकाणी साखर, पुढं लिक्विड ग्लुकोज, पुढं माल्टोडेक्स्ट्रिन, पुढं इन्व्हर्ट सिरप, म्हणजे एकत्र केलं तर पहिला नंबर येईल म्हणून भावांनी वाटण्या करून घेतल्यासारखं. उन्हाळ्यात घरी येणाऱ्या आंब्याच्या बाटलीत आंबा ११ टक्के निघाला, बाकी पाणी आणि साखर. आईस्क्रीम म्हणून आणलेल्या डब्यावर बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट', म्हणजे दुधाच्या फॅटच्या जागी वनस्पती तेल. विष नाही यातलं काही. पण आंबा म्हणून घेतलं तर आंबा किती हे मला माहिती पाहिजे, एवढी अपेक्षा पैसे मोजणाऱ्यानं करू नये का? पोरांच्या त्या दुधातल्या पावडरींना २०२४ मध्ये सरकारनंच ऑनलाइन दुकानांना सांगून 'हेल्थ ड्रिंक' या कप्प्यातनं बाहेर काढायला लावलं, कारण कायद्यात हेल्थ ड्रिंक असली काही व्याख्याच नाही. आणि आम्ही पाच वर्षं त्यातनं चिमीला उंची येईल म्हणून वाट बघत होतो.

पण एक सांगते, या वाचण्याच्या नादात दुसऱ्या टोकाला पण जाऊन आले मी. भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर तो जुना मेसेज टाकला, 'पाकिटावर ६३१ असेल तर त्यात डुकराची चरबी आहे, सावध व्हा, ५० जणांना पाठवा.' मी त्या आठवड्यात इतकी घाबरलेली होते की घरातले सगळे चिप्स फेकून दिले. नंतर बसून बघितलं तर ते नंबर म्हणजे जगभर ठरवून दिलेले कोड आहेत, नाव लांबलचक असतं म्हणून नंबर. ६३१ चव वाढवायला घालतात, तो चरबी नाहीच, मांसमाशापासनं करता येतो तसा आंबवूनही करतात, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर प्राण्यापासनं काढलेलं चालतच नाही. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातलं. ५०० म्हणजे सोडा, ढोकळ्यातला. ४१२ म्हणजे गवार गम, गवारीच्या बियांचा. आणि १०० नंबर कशाला दिलाय माहिताय? हळदीतल्या कर्क्युमिनला. आख्ख्या यादीची सुरुवातच आमच्या पेठेतल्या मालानं होते. मी ग्रुपवर लिहिलं, १०० नंबर फार घातक आहे, अंगाला लावून लग्न लावतात. भाऊजी दोन दिवस काही बोलले नाहीत.

माझ्या लेकीचं आतडं ज्यानं खराब केलं त्याला नंबर नव्हता. 'गव्हाचं पीठ' हे साधे दोन शब्द होते. त्यामुळं 'जे नाव उच्चारता येत नाही ते खाऊ नका' असं रील्सवर कुणी सांगायला लागलं की मला हसू येतं आणि थोडा रागपण येतो.

आता खायचं सोडून बाथरूमकडं. डबे वाचून झाल्यावर एका रविवारी सिंकखालच्या बाटल्या वाचायला काढल्या, आणि तिथं मला २०१९ चा पूर सापडला.

तेव्हा आम्ही गावभागात भाड्यानं राहायचो, तळमजला. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली ते सांगलीत कुणी विसरणार नाही. पाणी ओसरल्यावर परत गेलो तर घरात घोट्याएवढा चिखल, वास असा की सांगता येत नाही. ब्लीचिंग पावडर मिळाली होती, ती मी बाथरूमभर मुठी मुठीनं टाकली. टाइल्सवरचा थर निघेना म्हणून वर संडास साफ करायचं ॲसिड ओतलं, बाटलीच्या बाटली. दार लोटलेलं. दोन मिनिटांत डोळ्यातनं पाणी, घशात काटे, छाती आवळल्यासारखी, मी भिंत धरत धरत बाहेर आले आणि पायरीवर बसून खोकत राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या पुराच्या घाणीचा वास चढला. मीपण तेच धरून चालले. चार दिवस आवाज बसला होता, लोकांनाही तेच सांगायचे, पुराचा वास.

आणि आता भिंगातनं वाचते तर बाटलीच्या मागं, खालच्या कोपऱ्यात, 'हायड्रोक्लोरिक आम्ल', आणि त्याच्याखाली 'ब्लीच किंवा इतर क्लीनरसोबत वापरू नये'. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली माणसं मारायला सोडला होता तो. मी तो दार लोटून स्वतःच्या बाथरूममध्ये तयार केला होता, आणि तेव्हा चिमी बाहेरच्या खोलीत आत्याच्या मांडीवर होती.

तेव्हापासनं ॲसिड आणि ब्लीच एका फळीवर ठेवत नाही मी, आणि मावशींना दोन्ही बाटल्या हातात धरून समजावून सांगितलंय. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही तर रोज मिसळतो, जास्त निघतं." त्यांना खोकला का येतो ते त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सायकलवर फिनेल विकायला येणाऱ्याकडचं घेणं पण बंद केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण कोल्ड्रिंकच्या बाटलीत पांढरं फिनेल आणि वर काहीच लिहिलेलं नाही, घरात लहान पोर, नको वाटतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढल्या, काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते त्यांना नॅप्थलीन घातक ठरतं, आणि दिसतात त्या अगदी पेपरमिंटसारख्या. फरशी पुसायच्या बाटलीवर मात्र जंतू मारणारं एक रसायन सोडलं तर पूर्ण यादीच नव्हती, तिथं भिंगपण काय करणार. अंघोळीच्या साबणाचं म्हणाल तर आमचा इतक्या वर्षांचा साबण साबण नसून 'बेदिंग बार' निघाला. साबणावर टीएफएम म्हणून आकडा असतो, म्हणजे त्यात तेलाचरबीचा भाग किती टक्के ते, ७६ किंवा वर असला की पहिला ग्रेड. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला फेस येतोय ना, मग झालं. ठीकाय, प्रत्येकाचा आपापला सिलिॲक असतो.

सगळ्यांनी सगळं वाचत बसावं असं माझं म्हणणं नाही हो, मला वाचायला लागलं म्हणून मी वाचलं. दिवाळीत लोकांकडं फराळाला गेलं की मी चकलीच्या भाजणीची चौकशी करते आणि समोरचीचा चेहरा पडतो, तिला वाटतं मी खोट काढतीय. सत्यनारायणाचा प्रसाद नको म्हणताना तर जीव वर खाली होतो, आईंनी त्याच्यावर तोड काढलीय, त्या चिमीच्या वाट्याचा प्रसाद स्वतः खातात आणि तिला खडीसाखर देतात, देवाला काय ते मी सांगते म्हणतात.

गेल्या महिन्यात टीटीजीचा आकडा पहिल्यांदा नॉर्मलच्या आत आला. वर्षात चिमी सात सेंटीमीटर वाढली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. या उन्हाळ्यात मसालापण परत झाला, तीन किलोच केला, हिंग तांदळाच्या पिठातला, आणि कांडपावर न जाता मिरची घरीच मिक्सरला थोडी थोडी, आठवडाभर सगळं घर खोकत होतं. आईंना तो पसंत नाही, कांडपाची चव नाही म्हणतात, ते खरंय.

परवा रात्री त्या पोथी घेऊन बसल्या आणि भिंग सापडेना. देवघर, उशीखाली, टीव्हीमागं, सगळीकडं बघून झालं. चिमी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फोडणीच्या डब्याखालच्या खणातनं घेऊन आली. काचेवर हळदीचे ठसे. आईंनी पदरानं पुसलं, डोळ्यासमोर धरलं, परत पुसलं, आणि म्हणाल्या, "उद्या दुसरं आण गं एक. हे आता तिकडंच राहू दे."